कार्तिकातली वीण

आमच्या घरच्या कालनिर्णयावर दुधाचा रतीब, गॅस सिलिंडर आणि आत्यांच्या बीपीच्या गोळ्या एवढंच लिहिलेलं असतं. गेल्या वर्षी कार्तिक शुद्ध दशमीच्या चौकोनात मी पेन्सिलीनं लिहिलं, 'चंद्री व्याली. सहा.' तिथून पुढे वर्षअखेरपर्यंत त्या कॅलेंडरच्या रकान्यांत एकेका पिल्लाची नोंद होत गेली. दूध कमी आणि पिल्लं जास्त, असं ते कॅलेंडर झालं. ते मी अजून टाकलेलं नाही.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. वाईच्या पलीकडे, कृष्णेपासून जरा आत आमचं गाव. ऊस, हळद, थोडी ज्वारी. चंद्री ही कुत्री, कुणाची म्हणावी तर कुणाचीच नाही. कपाळावर पांढरा चांद, बाकी अंग मातकट. चार घरच्या भाकरीवर जगायची आणि रात्री आमच्या ओसरीवर झोपायची, म्हणून गाव तिला आमची म्हणायचं.

भाद्रपदाचं आणि कुत्र्यांचं नाव आपल्या भाषेत शिवीसारखं जोडलं जातं. पण ज्यानं कुणी ते पहिल्यांदा जोडलं त्यानं नीट पाहिलं होतं. आपल्या गावठी कुत्र्या बहुतेक करून वर्षातून एकदाच, पाऊस ओसरता ओसरता माजावर येतात. गाभण राहिल्यापासून साधारण ६३ दिवस मोजले की भाद्रपदाचा कार्तिक होतो. पाऊस गेलेला असतो, जमीन कोरडी असते, सुगीमुळे घराघरांत खरकटं वाढलेलं असतं. थंडी मात्र असते. आणि वाईची थंडी पिल्लांना सोपी नसते.

गोठ्याच्या भिंतीला लागून आम्ही सरपण रचतो. भिंत आणि लाकडं यांच्यामध्ये हातभर रुंदीचा बोळ राहतो. चंद्रीनं तिथली माती उकरून खळगा केला आणि एका रात्रीत सहा पिल्लं घातली. सकाळी आत्यांनी मला आधी गुळाचा शिरा करायला लावला. "बाळंतीण हाय ती," म्हणाल्या. "माणसाची काय आन् कुत्र्याची काय. पयला घास गोड पायजे." शिरा निवल्यावर बोळाच्या तोंडाशी ठेवला. चंद्री बाहेर आली, चार घासांत संपवला आणि लगेच आत गेली. त्या मिनिटभरात मी आत डोकावून पाहिलं.

नुकतं जन्मलेलं पिल्लू कुत्र्यासारखं दिसतच नाही. मुठीएवढा, ओलसर, बसक्या नाकाचा जीव. डोळे मिटलेले आणि कानही मिटलेले. कान मिटलेले म्हणजे नुसते खाली पडलेले नव्हेत, कानाची वाटच बंद. त्याला दिसत नाही, ऐकू येत नाही. वास थोडा कळतो, स्पर्श कळतो आणि ऊब कळते. तेवढ्यावर ते पोटानं सरपटत, मान डावीकडून उजवीकडे हलवत, अर्धगोल काढत आईकडे येतं आणि सडाला तोंड लावतं. मधे काही आडवं आलं तर ढुशी देतं. दुसरं पिल्लू आलं तर त्याच्यावरून जातं. त्यात कसलीच दुष्टाई नसते. त्याला 'दुसरं' हे अजून माहीतच नाही.

पहिल्या दिवसाच्या दुधाला आपण चीक म्हणतो. गाईच्या चिकाचा खरवस करतो, पण तो चीक वासराला किती लागतो हे गोठा असलेल्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं. पिल्लाचंही तसंच. रोगाशी लढायची जवळजवळ सगळी शिदोरी त्याला चिकातून मिळते, आणि ती आतड्यातून रक्तात घेण्याची सोय जेमतेम पहिला दिवसभरच असते. मग आतडं ती वाट बंद करतं. दूध नंतरही मिळतं, शिदोरी मिळत नाही. हे मला आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. त्यानंतर या पिल्लांचं जे काही मी पाहिलं, त्यात मला हेच पुन्हा पुन्हा दिसत राहिलं. एक दार उघडतं, थोडा काळ उघडं राहतं, आणि काही आवाज न करता लागतं.

सहावं पिल्लू, सगळ्यांत लहान, दुसऱ्या रात्री गेलं. थंडीनं गेलं असावं. पहिल्या आठवड्यात पिल्लांना कुडकुडतासुद्धा येत नाही. अंगची ऊब टिकवण्याची यंत्रणाच अजून चालू झालेली नसते, त्यामुळे आईचं पोट आणि भावंडांचा ढीग हेच त्यांचं पांघरूण. ढिगातून जे बाहेर पडलं ते थंड पडत जातं, थंड पडलं की चोखायची ताकद जाते, आणि आई थंड पडलेल्याकडे बघेनाशी होते. सकाळी चंद्रीनं ते खळग्याच्या बाहेर आणून ठेवलं होतं. मी ते परसात, पेरूच्या झाडाखाली पुरलं आणि खळग्याजवळ गोणपाट सरकवलं.

पुढचे काही दिवस मी थंडी त्या ढिगावरून मोजत होते. पहाटे पाचही पिल्लं एकमेकांच्या खाली-वर, नेमकी किती आहेत ते कळू नये अशी. दुपारी ऊन लाकडांवर आलं की ढीग सैल व्हायचा, आणि तीन वाजता पाचही वेगवेगळी, पोटं वर करून पसरलेली. दिवसाचा बहुतेक वेळ झोपच. पण ती झोप आपल्यासारखी शांत नव्हती. पाय झटकायचे, ओठ हलायचे, अंगावरून शहारे जायचे. सुरुवातीला मला वाटलं, झटके येतायत. पण सगळ्याच पिल्लांचं तसं होतं. झोपेतच त्यांच्या नसा आणि स्नायू एकमेकांची ओळख करून घेत असतात. शू आणि शीसुद्धा आपली आपण करता येत नाही. आईनं पोटाखाली चाटलं तरच होते, आणि आईच ती चाटून टाकते. म्हणून तर पाच पिल्लांचा तो खळगा पंधरा दिवस कोरडा होता. ज्या घरात एकच बाळ असतं तिथल्या दोरीवर किती दुपटी असतात, ते आठवून मी चंद्रीपुढे मनातल्या मनात हात जोडले.

डोळे तेराव्या दिवशी उघडायला लागले. एकदम नाही. आधी आतल्या कोपऱ्यात एक चीर, मग दुसऱ्या दिवशी थोडी मोठी. आतलं बुबुळ निळसर, धुक्यासारखं. ते डोळे बघतायत असं वाटतं, पण त्यांना अजून उजेड-अंधाराच्या पलीकडे फारसं काही कळत नसतं. कान त्यानंतर तीन-चार दिवसांनी. मी रोज बोळाच्या तोंडाशी स्टीलची वाटी ठेवायचे. एके दिवशी ती दगडावर आपटली आणि पाचही पिल्लं दचकली. कालपर्यंत आपटली असती तरी कुणाला कळलं नसतं. मी कॅलेंडरवर लिहिलं, 'ऐकू येतं.'

इथे शेपटीचं सांगायलाच हवं. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले. पण या पाचही पिल्लांची शेपटं जन्मली तेव्हा सरळ होती. जाड बुडाची, टोकाला निमुळती, अगदी सरळ. ती पाठीवर वळायला लागली ती पुढे, हळूहळू. म्हण रचणाऱ्यानं मोठाच कुत्रा पाहिलेला असणार. पिल्लांच्या खळग्याशी बसला असता तर वाकडेपणाआधीचा सरळपणा त्यालाही दिसला असता.

तिसरा आठवडा संपला आणि मार्गशीर्ष लागला तशी पिल्लं पायांवर उभी राहिली. पहिली चाल मागे जाणारी होती. पुढे जायला बघायची आणि मागे सरकायची. मग दोन पावलं पुढे आणि धप्पकन बसायची. चार दिवसांत बोळाच्या तोंडाशी आली, आणि मग ओसरीपर्यंत. आता त्यांना 'दुसरं' कळायला लागलं होतं. एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून बघायची, पंजा टाकायची. शेपूट हलायला लागलं. एक दिवस खडू नावाचं पांढरं पिल्लू भुंकलं आणि आपल्याच आवाजानं मागे पडलं. नावंही तेव्हाच पडली. खडू, हळद्या, काळू, भिंगरी आणि सावळी.

नावं मी ठेवली नाहीत. ती ठेवली ऊसतोड टोळीतल्या एका पोरीनं.

दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडे बीडकडच्या टोळ्या येतात. आमच्या घरामागच्या पडीक रानात त्यांची पालं पडतात. पहाटे चारला आई-बाप कोयते घेऊन उसाच्या फडात जातात आणि लहान पोरं पालावर राहतात. ही पोरगी आठेक वर्षांची असेल. धाकट्या भावाला कडेवर घेऊन आमच्या परसात यायची, त्याला ओसरीवर बसवायची आणि स्वतः पिल्लांत बसायची. तिच्या मांडीवर, ओच्यात, केसांत पिल्लं असायची. त्यांच्या पंजांची नखं तपासायची, कान उलटे करून बघायची, तोंडात बोट घालून दात मोजायची. दुधाचे दात याच सुमारास फुटतात, सगळे मिळून २८, आणि सुईसारखे टोकदार.

त्या दातांनी तिला एकदा रक्त निघालं. मी नळाखाली तिचा हात साबणानं चांगली पंधरा मिनिटं धुतला आणि तिला आरोग्य केंद्रात नेलं. पिल्लाचा दात लागला तरी लस घ्यायचीच, यात दुसरा विचार करू नये. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि २८ व्या दिवशी. चारही वेळा मीच नेलं, कारण तिच्या आईचा एक दिवसाचा खाडा म्हणजे उचलीतली रक्कम फिटायला आणखी उशीर. चौथ्या सुईला जाताना तिनं मला विचारलं, "काकू, आता ह्यांनी चावलं तर चालतंय का?" मी म्हटलं, चालत नाही. ती म्हणाली, "ते आता हळू चावत्यात. म्या वराडले की सोडत्यात."

ते खरं होतं, आणि ते तिनं शिकवलं तितकंच पिल्लांनी एकमेकांना शिकवलं होतं. हळद्यानं भिंगरीचा कान जोरात धरला की भिंगरी केकाटायची आणि खेळ मोडून निघून जायची. हळद्या तिच्यामागे जाऊन पुढचे पाय टेकवून, ढुंगण वर करून विनवायचा. पुन्हा खेळ सुरू झाला की कान हलकाच धरायचा. जबडा किती मिटायचा हे कुत्रा अशा शेकडो मोडलेल्या खेळांतून शिकतो. महिन्याच्या आत आई-भावंडांतून उचलून नेलेल्या पिल्लाचं हेच शिकणं राहून जातं. पिल्लू इतकं गोड असतं की लोकांना ते लवकर हवं असतं. आठ आठवडे तरी थांबावं, हे मला मनापासून सांगावंसं वाटतं.

चंद्रीचं आईपणही बदलत होतं. एके सकाळी ती कुठून तरी आली, पिल्लं तिच्या तोंडाला झोंबली, आणि तिनं त्यांच्यासमोर ओकारी काढली. मी घाबरून आत्यांना हाक मारली. आत्या म्हणाल्या, "भरवती हाय." तेच होतं. पोटात अर्धवट पचलेलं अन्न पिल्लांपुढे टाकायचं, ही तिची मऊ भाताची रीत. मग पिल्लांचे दात सडांना लागायला लागले तशी ती उभ्यानं पाजायला लागली. पाजता पाजता चालायला लागायची आणि पिल्लं लोंबकळत जायची. दत्तजयंतीनंतर गुरगुरायला लागली. संक्रांतीपर्यंत तर भाकरीच्या तुकड्यावरूनही पिल्लांवर दात काढायची. मला ते बघवेना. पण कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत डॉ. अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी अशाच रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. त्यांनी आई आणि पिल्लांमधलं हेच ताणत जाणं नोंदवलंय. चार-सहा आठवड्यांत आईचं वाटून देणं कमी होत जातं आणि हिसकावणं वाढत जातं. चंद्री वाईट आई नव्हती. तिला पुढच्या भाद्रपदापर्यंत जगायचं होतं.

त्याच संशोधकांचा एक आकडा मात्र मला झोपू देईना. ९५ विणींमधली ३६४ पिल्लं त्यांनी जन्मापासून पाहिली. सात महिन्यांची होईपर्यंत त्यांतली १९ टक्केच उरली. जी मेली त्यांतल्या बऱ्याच जणांच्या मरणाला माणूस कारण होता, गाडीखाली येऊन किंवा आणखी कशानं. मी तो आकडा वाचला तेव्हा आमची चारच उरली होती. काळू संक्रांतीच्या आधी उसाच्या ट्रॉलीखाली गेला. ड्रायव्हरची चूक नव्हती. पिल्लाला सावली हवी होती आणि उभ्या ट्रॉलीखाली ती होती.

खडू गेला तो पार्वोनं, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या हगवणीच्या एका साथीच्या रोगानं. आईच्या चिकातली शिदोरी सहाव्या आठवड्यानंतर आटत जाते. ती अंगात शिल्लक असताना लस नीट लागू पडत नाही, आणि ती आटली की रोग आत शिरायला मोकळा. या दोन्हींच्या मधे एक फट राहते. म्हणून तर पिल्लाला लस एकदा देऊन भागत नाही, दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. आमच्या दवाखान्यात तेव्हा लस शिल्लक नव्हती, मागवली होती. ती यायला आठ दिवस लागले, आणि खडू सहाव्या दिवशी गेला. दोन दिवस ओकाऱ्या, रक्ताची हगवण, आणि तिसऱ्या दिवशी पाणीही पोटात ठरेना. ती पोरगी पालावरून रात्री बॅटरी घेऊन त्याला बघायला आली होती. तिला जवळ येऊ दिलं नाही, कारण तिच्या हातापायांनी तो रोग बाकीच्यांकडे गेला असता. ती लांब उभी राहून नुसतं 'खडू, खडू' म्हणत होती आणि तो शेपटाचं टोक हलवत होता.

आता सावळीबद्दल.

सावळी पहिल्यापासून मागे राहणारी. बाकीची चार ओसरीवर आली तेव्हा ती बोळाच्या तोंडाशी यायची, आणि माणूस दिसला की आत. प्रत्येक पिल्लाचा स्वभाव वेगळा असतो, तो जन्मतःच थोडा ठरलेला असतो, हे खरं. पण त्या पोरीनं तो स्वभाव मानला नव्हता. एक दिवस बघते तर ती बोळाशी पोटावर आडवी पडलेली, हात खांद्यापर्यंत आत घातलेला, तळव्यावर दुधात भिजवलेला भाकरीचा तुकडा. अर्धा तास तशीच पडून होती. मी तिला उठवलं. म्हटलं, "राहू दे तिला. घाबरते ती. मोठी झाली की येईल आपण होऊन. आणि फार हात लागला तर आई टाकेल पिल्लाला."

"न्हाई टाकत," ती म्हणाली. "बाकीची कुठं टाकली?"

तिचं बरोबर होतं, आणि ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. तरी मी तिला उठवलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आडवी झाली तेव्हा आवाज चढवून उठवलं. त्यानंतर तिनं तो नाद सोडला.

तो मार्गशीर्षाचा शेवट होता. पिल्लं सहा आठवड्यांची झाली होती.

अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर गावी जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लांच्या वाढीचा अभ्यास केला. तिथलाच १९६१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. कॉकर स्पॅनियल आणि बीगल जातीची पिल्लं उंच कुंपणाच्या मोकळ्या रानात आईसोबत वाढवली. खाणंपिणं कुंपणातल्या भोकातून, माणूस दिसणार नाही असं. मग काही पिल्लांना दुसऱ्या आठवड्यात माणसांत आणलं, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या. काहींना चौदा आठवडे आणलंच नाही. मधल्या आठवड्यांत आणलेली पिल्लं बघता बघता माणसाळली. चौदा आठवडे माणूस न पाहिलेली पिल्लं मात्र रानटी जनावरासारखी लांबच राहिली. तीही कॉकर स्पॅनियल आणि बीगल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या सोबतीनं वाढलेल्या जाती. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत पिल्लाचं मन जगाला 'हे आपलं' म्हणायला तयार असतं. माणूस, मांजर, ट्रॅक्टर, कुकरची शिट्टी, जे जे तेव्हा भेटेल ते. सुरुवातीला कुतूहल भीतीपेक्षा मोठं असतं. मग भीती हळूहळू कुतूहलाला गाठते आणि पुढे जाते.

हे मी वाचलं तेव्हा माघ संपत आला होता. मी कॅलेंडर काढून आठवडे मोजले. चौदा झाले होते.

होळीच्या सुमाराला दुधाचे दात पडायला लागले. ओसरीवर झाडू मारताना तांदळाच्या दाण्याएवढा एखादा दात सापडायचा. मी ते काड्यापेटीत ठेवले आहेत. हळद्याचा एक कान उभा राहिला आणि दुसरा पंधरा दिवस पडलेलाच होता, त्यामुळे तो सतत काहीतरी विचारतोय असं वाटायचं. पाय एकदम लांब झाले. अंग मागे राहिलं आणि पाय पुढे गेले, जसं आठवीतल्या मुलांचं होतं. बुबुळांचा निळा रंग कधीच जाऊन मधासारखा तपकिरी झाला होता. आणि शेपूट पाठीवर पूर्ण गोल वळलं.

पाडव्याला टोळी परत निघाली. ट्रॅक्टरवर संसार लादला होता, पत्रे, भांडी, चुलीचं लोखंड, शेळी. त्यावर ती पोरगी आणि तिच्या मांडीवर भिंगरी. बापानं आधी नाही म्हटलं होतं. मी त्याला भिंगरीच्या लसीचा कागद दिला आणि तारखा समजावल्या. पोरीनं हळद्याला मिठी मारली, सरपणापाशी जाऊन वाकून "सावळे" अशी हाक मारली, थोडं थांबली आणि निघून गेली. आतून काही हालचाल झाली नाही.

त्या उन्हाळ्यात साताऱ्याहून नसबंदीच्या शिबिराची गाडी आली. चंद्रीला पकडणं सोपं गेलं, भाकरी दाखवली की आली. आता तिचा कान टोकाला कापलेला आहे, नसबंदी झाल्याची ती खूण. हळद्या सहा महिने झाल्यावर पुढच्या फेरीत गेला. सावळीसाठी माणसं जाळी घेऊन दोन दिवस थांबली. ती उसात शिरली. तिसऱ्या दिवशी ती माणसं दुसऱ्या गावाला गेली. रेबीजची लसही तिला देता आली नाही. भीती ही नुसती मनातली गोष्ट राहत नाही, हे मला तेव्हा दिसलं. ती सुईपर्यंत पोचू देत नाही.

आषाढात हळद्यानं आमचं ऐकणं सोडलं. आठ महिन्यांचा घोडा झाला होता. मी हाक मारली की एक कान माझ्याकडे वळवायचा आणि उलट्या दिशेला चालू लागायचा. पोस्टमननं हाक मारली की मात्र लगेच जायचा. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. इंग्लंडमध्ये अंधांना वाट दाखवण्यासाठी वाढवल्या जाणाऱ्या कुत्र्यांवर २०२० साली न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी असंच टिपलेलं आहे. पाच महिन्यांचं पिल्लू सांभाळणाऱ्याचं जितकं ऐकतं, तितकं आठव्या महिन्यात ऐकत नाही. परक्याचं मात्र ऐकतं. आणि हा काळ सरतो. माणसं नेमकी याच काळात कुत्रं सोडून देतात, 'बिघडला' म्हणून. आमच्या फाट्यावर दर पावसाळ्यात एखादा गळ्यात पट्टा असलेला तरणा कुत्रा गाड्यांमागे धावताना दिसतो. तो बिघडलेला नसतो. त्याला आणखी चार महिने हवे असतात. हळद्या गौरी-गणपतीपर्यंत परत आला, म्हणजे माझ्या हाकेला यायला लागला. आता छाती भरली आहे, पाय अंगाला शोभतात, आणि चालताना तो कुठे निघालाय हे त्याला ठाऊक आहे असं दिसतं.

सावळी दिवेलागणीला येते. सरपणाच्या पलीकडे उभी राहते. मी भाकरी ठेवून मागे येते आणि दाराला कडी लावते, मगच ती पुढे होते. मी मुद्दाम पावलं मोजली आहेत. चौदा. श्रावणात एकदा तेरा झाली होती. मी आनंदानं आत्यांना सांगायला वळले आणि तेवढ्या वळण्यानं ती पळाली.

भाद्रपदात तिच्यामागे कुत्रे लागले. मी काही करू शकले नाही. या कार्तिकात, पौर्णिमेच्या दोन दिवस आधी, ती दिवेलागणीला आली नाही. सकाळी बोळातून तो ओळखीचा बारीक आवाज आला. मी गुळाचा शिरा केला आणि चौदा पावलांवर ठेवला. नव्या कॅलेंडरवर लिहिलं, 'सावळी व्याली.' किती ते लिहिलं नाही, कारण मला बघू दिलं नाही.

सावळी रोज दुपारी एकच्या सुमाराला ओढ्यावर पाणी प्यायला जाते. दहा मिनिटं, फार तर पंधरा. हे मला हळद्यामुळे कळलं, तो तिच्यामागे जातो. काल बावीस दिवस झाले. ती ओढ्याकडे वळल्याबरोबर आत्यांनी मला खूण केली. त्या काठी घेऊन वाटेवर बसल्या होत्या, ती परत येताना दिसली की खाकरणार होत्या. मी जुनी साडी अंथरली आणि बोळाच्या तोंडाशी पोटावर आडवी झाले. सगळा हात आत घातला. तळव्यावर दुधात भिजवलेला भाकरीचा तुकडा होता.

आत आधी शांतता झाली. मग काहीतरी सरकलं, थांबलं, मागे गेलं. माझा खांदा लाकडाला घासत होता. डोळ्यांना अंधाराची सवय झाली तेव्हा चार दिसले, एकमेकांना चिकटून, शेपटं सरळ. त्यांतलं एक, मातकट अंगाचं, दोन पावलं पुढे आलं आणि धप्पकन बसलं. मग पुन्हा उठलं. बोटाला ओलं नाक लागलं.

बाहेर आत्या खाकरल्या.